माळ्यावरची ओल आणि छताची गळती: कारण शोधावे कसे

माळ्यावर ओल दिसली की आपल्याकडे पहिले काम असते घमेले ठेवण्याचे आणि दुसरे गवंड्याला निरोप धाडण्याचे. गवंडी वर चढतो, दोन-चार कौले बदलतो, आढ्यावर सिमेंट थापतो किंवा गच्चीवर एखादे रसायन फासून उतरतो, आणि पुढच्या आषाढात तेच घमेले त्याच जागी परत येते. यात गवंड्याच्या हातात खोट असतेच असे नाही. माळ्यावर येणारे पाणी पावसाचे असू शकते, टाकीचे असू शकते, भिंतीतून चढलेले किंवा झिरपलेले असू शकते, चुलीच्या आणि न्हाणीच्या वाफेचे असू शकते, एवढेच काय तर माळ्यावर रचलेल्या धान्यातून निघालेलेही असू शकते. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातातच, शिवाय कधी कधी ओल वाढते. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा शोध घेण्यावर अधिक भर दिला आहे. त्या शोधात ‘पाणी कुठे ठिबकते’ यापेक्षा ‘केव्हा ठिबकते’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी मुलुखात, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण दोनशे किलोमीटरच्या आत पाऊसमान आणि घरांची जात दोन्ही बदलतात. जांबोटी-कणकुंबीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर, तर अथणीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. खानापूर, हल्याळ, सुपा या बाजूला उतरती मंगळुरी कौले आणि जांभ्या दगडाच्या भिंती आहेत. बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या वस्त्यांत जुन्या कौलारू घराला मागे पत्र्याची पडवी आणि वर स्लॅबची खोली अशी सरमिसळ दिसते. पूर्वेकडे आणि बिदर-भालकीच्या बाजूला मातीची धाब्याची घरे अजून उभी आहेत. एकाच घराला तीन प्रकारची छते असतील, तर जिथे एक प्रकार संपून दुसरा सुरू होतो, तो सांधा पहिला संशयित समजावा.

आधी सुरक्षितता

माळ्यावर पाणी दिसत असेल आणि तिथून विजेच्या तारा गेलेल्या असतील, तर मेन स्विच बंद केल्याशिवाय वर जाऊ नये. जुन्या घरांतल्या लाकडी पट्टीवरच्या तारा आणि स्लॅबमधील पाइप हे दोन्ही पाण्याची वाट बनतात. पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या बुडातून ठिबकणारे पाणी हे त्याचेच लक्षण आहे. तिथे आधी वीजतंत्री बोलवावा, गवंडी नंतर. पाऊस सुरू असताना किंवा कौलांवर शेवाळ ओले असताना छतावर चढू नये. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, कारण तो इशारा न देता मोडतो. दोन आधारांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच जावे. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे असा पत्रा घासणे, कापणे किंवा कोरडा असताना त्याला भोक पाडणे टाळावे.

पहिली पायरी: गळतीची वही

एक साधी वही माळ्याच्या शिडीजवळ टांगून ठेवावी आणि पाणी दिसले की पाच गोष्टी नोंदवाव्यात: तारीख आणि वेळ, त्या वेळी पाऊस होता का आणि किती वेळापासून होता, वारा कोणत्या दिशेचा होता, घरात चूल, बंब किंवा कपडे वाळवणे सुरू होते का, आणि थेंब किती वेगाने पडत होता. पावसाचे माप हवे असेल तर राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके आता गावपातळीपर्यंत पोहोचली आहेत; पण अंगणात उघड्यावर ठेवलेला सरळ कडांचा डबा आणि फूटपट्टी एवढ्यावरही भागते.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की वही बोलू लागते. पाऊस सुरू होताच दहा-पंधरा मिनिटांत थेंब पडत असेल आणि पाऊस थांबताच तोही थांबत असेल, तर कौल फुटलेले किंवा सरकलेले आहे, पत्र्याला भोक आहे किंवा पन्हळ फाटला आहे, असे धरून चालावे. रिपरिप चार-सहा तास चालल्यावरच ठिबक सुरू होत असेल, तर कौलाची माती पाणी पिऊन तृप्त झाली आहे, आढ्यावरचा सिमेंटचा मसाला भिजला आहे किंवा गच्चीच्या आतल्या थरात पाणी साठले आहे. पाऊस थांबल्यावरही दिवसभर ठिबकत राहणे हे स्लॅबचे किंवा तुंबलेल्या पन्हळाचे लक्षण आहे. पावसाशी काहीच संबंध नसेल, तर टाकी आणि नळ तपासावेत. आणि आकाश निरभ्र असताना, पहाटेच्या सुमारास, एकाच वेळी अनेक ठिकाणी बारीक थेंब लटकलेले दिसत असतील, तर ते पाणी बाहेरून आलेलेच नाही. ती घरातली वाफ आहे.

वाऱ्याची नोंद अनेकजण सोडून देतात, आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगी ठरते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा पश्चिमेचा आणि नैऋत्येचा असतो, तर एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस बहुधा पूर्वेच्या बाजूने येतो. पश्चिमेचे पाखे, म्हणजे छताची त्या बाजूची उतरण, आषाढात गळते पण परतीच्या पावसात कोरडे राहते, तर कौले फुटलेली नसून वाऱ्याने पाणी सांध्यांतून आत ढकलले जात आहे, म्हणजे उतार कमी आहे किंवा कौलांचे एकमेकांवरचे चढण अपुरे आहे. दोन्ही पावसांत एकाच जागी गळत असेल, तर तिथे ठोस भोक आहे.

दुसरी पायरी: माळ्यावरून पाहणी

भर दुपारी, बाहेर लख्ख उजेड असताना, माळ्यावर जाऊन दिवा न लावता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. डोळे अंधाराला सरावले की छतातील उजेडाच्या फटी दिसू लागतात. मंगळुरी कौलांचे छत पूर्णपणे काळोखे कधीच नसते. कौलाच्या बाजूच्या खाचेतून तिरकस येणारा मंद उजेड दोष मानू नये, कारण त्या खाचा पाणी वाहून नेण्यासाठीच आहेत. मात्र कौलाच्या माथ्याकडून, म्हणजे वरचे कौल खालच्यावर जिथे चढते तिथून, सरळ उजेड येत असेल तर ते कौल खाली घसरले आहे. पत्र्याच्या बाबतीत मात्र सुईच्या टोकाएवढाही उजेड दोषच समजावा.

मग विजेरी घेऊन लाकूड पाहावे. विजेरी सरळ न धरता वाशाला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे पाण्याने सुटलेले पापुद्रे आणि उठलेल्या रेषा सावल्यांमुळे उठून दिसतात. उतरत्या छतात पाणी जिथे आत शिरते तिथे ते सहसा पडत नाही. ते रिपेवर, म्हणजे कौले ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, येते, रिपेवरून वाशाच्या पोटाला चिकटून खाली उतरत जाते, आणि वाटेत एखादी गाठ, खिळ्याचे टोक किंवा सांधा आला की तिथे अडते, फुगते आणि सुटते. विजेरीच्या उजेडात हे नीट पाहता येते: वाशाच्या खालच्या कडेने एक चमकती, केसाएवढी रेघ सरकत असते, गाठीपाशी तिचा तांबूस मणी होतो, तो थोडा लांबतो आणि तुटून पडतो, आणि मागे उरलेला अर्धा मणी पुन्हा भरू लागतो. म्हणून थेंबाच्या नेमके वर शोधण्यात अर्थ नाही. थेंबापासून आढ्याच्या दिशेने, त्याच वाशावर, वर वर जात राहावे, आणि ओली रेघ जिथे संपून लाकूड कोरडे होते तिथे खडूने खूण करावी. त्या खुणेचे आढ्यापासूनचे आणि जवळच्या त्रिकोणी भिंतीपासूनचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. तीच दोन मापे बाहेरून मोजली की संशयित कौलापर्यंत पोहोचता येते.

पाण्याच्या रंगावर फार विश्वास ठेवू नये. तांबूस-काळपट थेंब म्हणजे पावसाचे पाणी, असे गवंडी सांगतात, पण चुलीच्या घरात वाशांवर धुराचा थर असतो आणि वाफेचे पाणीही त्याच थरावरून उतरत काळेच होते. त्यापेक्षा डागाचा आकार अधिक सांगतो. कडेला गडद आणि मध्ये फिकट अशी एकात एक वर्तुळे असतील, तर तिथे वारंवार पाणी येऊन वाळले आहे. सर्वत्र सारखी पसरलेली काळी ठिपक्यांची बुरशी, सगळ्या खिळ्यांवर आणि बोल्टांवर सारखाच गंज, हे वाफेचे चिन्ह आहे. भिंतीच्या माथ्याशी पांढरी पूड, म्हणजे लोणा, असेल तर पाणी भिंतीतून क्षार घेऊन येत आहे.

शेवटी पेचकसाचे टोक वाशाच्या शेंड्यांवर, विशेषतः भिंतीवर टेकलेल्या आणि वळचणीकडच्या भागावर, दाबून पाहावे. टोक सहज आत जात असेल तर ते लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे, आणि अशा वेळी गळतीचा शोध थांबवून आधी सुतार बोलवावा. दोन टोकांचे आर्द्रतामापक मिळत असेल तर लाकडाचा ओलावा मोजावा: २० टक्क्यांच्या खाली लाकूड बुरशीच्या कुजीपासून सुरक्षित समजले जाते, त्यावर सातत्याने राहणारे लाकूड धोक्यात असते.

रात्रीच्या पावसात वर बसणे शक्य नसते, त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. माळ्याच्या तक्तपोशीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवावीत. पडलेला प्रत्येक थेंब वाळल्यावरही सुरकुतलेला गोल डाग ठेवतो, त्यामुळे सकाळी किती ठिकाणी आणि कोणत्या ओळीत पाणी पडले हे सगळे दिसते. डाग वाशाच्या सरळ रेषेत असतील तर गळती; सगळ्या कागदभर विखुरलेले आणि लहान असतील तर वाफ.

तिसरी पायरी: पाऊस की वाफ, हा निकाल

वाफेमुळे इतके पाणी होते यावर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून दोन आकडे देतो. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने घरात सुटते. आणि एक क्विंटल भात १८ टक्के ओलाव्यावरून १४ टक्क्यांवर येताना साडेचार लिटरहून अधिक पाणी हवेत सोडते. सुगीनंतर दहा पोती नवे भात पत्र्याखालच्या माळ्यावर रचले आणि खिडकी बंद ठेवली, तर थंडीच्या निरभ्र पहाटे तिथे पाऊस पडल्यासारखे होणारच. पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. हवा २५ अंशांची आणि तिची आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २१ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि मार्गशीर्षातला पत्रा त्याहून बराच खाली जातो. कौल सच्छिद्र असल्यामुळे थोडे दव पिऊन टाकते आणि दिवसा सोडते. पत्रा काहीच पीत नाही. कौले काढून पत्रा घातल्यावर ‘नवे छत गळते’ अशी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

निकाल लावण्यासाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, स्वस्तातले आर्द्रता आणि तापमान दाखवणारे घड्याळ माळ्यावर आणि दुसरे घराबाहेर सावलीत ठेवून पहाटे आणि दुपारी नोंद घ्यावी. माळ्यावरची आर्द्रता पहाटे सतत ९० टक्क्यांच्या वर आणि बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तर पाण्याचा उगम घरात आहे. दुसरी, सलग दोन दिवस माळ्याखालची चूल आणि बंब बंद ठेवून किंवा माळ्याचे तोंड ताडपत्रीने झाकून पाहावे. थेंब कमी झाले तर उत्तर मिळाले. तिसरी कसोटी स्लॅबसाठी आहे. छताच्या खालच्या बाजूला ओल्या डागावर दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि किमान एक रात्र, शक्य तर पूर्ण दिवस ठेवावा. पाणी प्लास्टिक आणि स्लॅब यांच्या मध्ये जमले तर ते स्लॅबमधून येत आहे. खोलीच्या बाजूने प्लास्टिकवर थेंब जमले तर ते खोलीतल्या हवेचे आहे. दोन्हीकडे जमले, आणि पावसाळ्यात असे होते, तर दोन्ही आजार आहेत असे समजून पुढे जावे.

चौथी पायरी: पाणी ओतून तपासणी

कोरडा दिवस, बागेचा पाइप, बाहेर एक माणूस, माळ्यावर एक माणूस, आणि दोघांच्या हातात फोन. नियम एकच: खालून वर जायचे. वळचणीच्या ओळीपासून सुरुवात करून तीन-चार कौलांच्या पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे, आत काही आले नाही तर पुढच्या ओळीकडे जावे. घाईने आढ्यावर पाणी ओतले तर ते सगळ्या पाख्यावरून वाहत येते आणि कुठून शिरले ते कळत नाही. पाण्याची धार पावसासारखी वरून खाली पडली पाहिजे. खालून वर मारलेली धार चांगल्या कौलांतूनही आत जाते आणि भलतेच निदान होते. एकापेक्षा जास्त जागा संशयित असतील तर एका जागेच्या पाण्यात कपड्यांची नीळ मिसळावी. लाकडावर निळी रेघ उमटली की वाद मिटतो.

मंगळुरी कौलांत तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. माकडांनी सरकवलेली कौले खानापूरच्या बाजूला इतकी नेहमीची आहेत की, वळचणीची आणि कडेची कौले त्यांच्या मागच्या भोकातून तारेने रिपेला बांधलेलीच असावीत. आढ्यावरच्या कोन्यांखालचा (माथ्याचा सांधा झाकणाऱ्या कौलांखालचा) मसाला भेगाळला की पाणी आत मुरते. दोन पाखी जिथे आत मिळतात तिथल्या पन्हळात पाला आणि पाखरांची घरटी साठतात आणि पाणी पन्हळाच्या कडेवरून आत सांडते. हा दोष झाडूने जातो, सिमेंटने जात नाही. धुराडे आणि भिंत जिथे कौलांना भेटते तिथला सांधा नेहमीच कच्चा असतो.

बदली कौलांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यापासून हा नमुना सगळीकडे पसरला आणि खानापूरसह अनेक ठिकाणी कारखाने झाले, पण प्रत्येकाच्या साच्यातील खाचा तंतोतंत जुळत नाहीत. कौलाच्या मागे कारखान्याचा ठसा असतो. वेगळ्या ठशाचे कौल मध्येच बसवले की ते दिसायला बसते, पण खाच खाचेत जात नाही आणि त्याच फटीतून वाऱ्याचे पाणी शिरते. म्हणून जुने घर पाडले जात असेल तिथे आपल्या ठशाची पन्नासेक कौले घेऊन परसात रचून ठेवणे हा सुज्ञपणा आहे.

कौल न फुटता, न सरकता खालून घामेजलेले दिसत असेल तर त्याची माती जुनी झाली आहे का ते पाहावे. उन्हात पूर्ण वाळलेले कौल तोलावे, चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावे. अडीच किलोचे कौल तीन किलो भरले तर त्याने आपल्या वजनाच्या २० टक्के पाणी प्यायले. त्याच दिवशी एका नव्या कौलावर हाच प्रयोग करून तुलना करावी. जुने कौल नव्यापेक्षा बरेच जास्त पीत असेल तर एक-दोन कौले बदलून उपयोग नाही, ते पाखेच टप्प्याटप्प्याने बदलावे लागेल.

पत्र्याच्या छतात दोष बहुधा बोल्टाशी असतो. बोल्ट किंवा स्क्रू पन्हळीच्या, म्हणजे पत्र्याच्या नागमोडी लाटेच्या, उंच भागावर असावा. खोलगट भागात मारलेला बोल्ट म्हणजे वाहत्या पाण्यात पाडलेले भोक. रबरी वायसर उन्हाने चिरतो, आणि जास्त आवळल्यानेही फाटतो. पत्र्यावर पत्रा चढवताना लांबीच्या बाजूने किमान सहा इंच आणि रुंदीच्या बाजूने दीड-दोन पन्हळी एवढे चढण हवे, आणि उतार कमी असेल तर त्याहून जास्त.

गच्ची, टाकी आणि नळ

स्लॅबमध्ये पाणी वरून एका जागी शिरून आतल्या सळीच्या किंवा वायरीच्या पाइपच्या कडेने दहा फूट दूर बाहेर पडू शकते, त्यामुळे खालच्या डागावरून वरची जागा ठरवू नये. आधी संशयाची ठिकाणे पाहावीत: कठडा आणि स्लॅब यांचा कोपरा, पाणी जाण्याच्या नळीचे तोंड, सौर बंबाचे पाय रोवलेल्या जागा, केबलवाल्याने पाडलेली भोके. पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर डबकी उरत असतील तर उतार बिघडला आहे, आणि मग वरून कितीही रंग फासला तरी पाणी वाट शोधतेच.

खात्री करण्यासाठी नळीचे तोंड बंद करून, ओल्या वाळूच्या बांधाने गच्चीचे भाग पाडून, एकेका भागात इंचभर पाणी एक-दोन दिवस उभे करता येते. वजनाचा विचार मात्र आधी करावा: वीस बाय वीस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेनऊशे किलो. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर हा प्रयोग अजिबात करू नये; तिथे प्रश्न गळतीचा राहिलेला नसून स्लॅबच्या बळकटीचा आहे आणि अभियंत्यालाच दाखवावे.

टाकीची तपासणी सोपी आहे. रात्री सगळे नळ आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरली तर टाकी गळते. व्हॉल्व्ह उघडा पण नळ बंद ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. आता उतरली तर पाइप गळतो. टाकी भरून वाहण्याची वेळ आणि माळ्यावरच्या थेंबाची वेळ वहीत जुळते का, हेही पाहावे. पाणीपुरवठा चार-पाच दिवसांनी एकदा होत असेल तिथे पाणी आल्याच्या रात्रीच माळा ओला होतो, आणि घरचे लोक पावसाला बोल लावत राहतात.

जांभ्याच्या त्रिकोणी भिंती, विशेषतः गिलावा नसलेल्या पश्चिमेच्या, आषाढातल्या झडीचे पाणी पितात आणि माळ्याच्या बाजूने ओल्या होतात. ओल वरून खाली उतरत असेल तर भिंतीच्या माथ्यावर कौल पुरेसे बाहेर आलेले नाही. सगळी भिंत सारखी ओली असेल तर बाहेरून चुन्याचा किंवा चांगल्या सिमेंटचा गिलावा हवा. धाब्याच्या घरात कारण शोधायला फारसे काही नसते: पावसाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चोपला नाही, उंदरांनी बिळे केली किंवा पन्हाळी तुंबली, या तीनपैकी एक.

कारण सापडल्यावर

कौले फिरवण्याचे आणि शाकारण्याचे काम वळवाचे एक-दोन तडाखे होऊन गेल्यावर आणि मृगाच्या आधी करावे. वाऱ्याने आणि गारांनी व्हायचे ते नुकसान तोवर झालेले असते, आणि दुरुस्तीची पहिली परीक्षा लगेच होते. भर पावसात फक्त तात्पुरते काम करावे: फुटक्या कौलाखाली वरच्या कौलात सरकवलेला पत्र्याचा तुकडा, किंवा पाख्यावर बाहेरून टाकून बांधलेली ताडपत्री.

बाहेरून टाकलेली ताडपत्री चालते, आतून ठोकलेले प्लास्टिक चालत नाही. वाशांच्या खालून प्लास्टिक ताणून घेतले की थेंब दिसेनासे होतात, पण पाणी प्लास्टिकवर साचते, वासे दिवसाही वाळत नाहीत आणि तीन-चार पावसाळ्यांत कुजतात. गळती असताना खालून शोभेची जिप्समची छते बसवणे हाही तसलाच प्रकार. कौलांचे सगळे सांधे सिमेंटने बुजवणेही चुकीचे आहे, कारण मग छत श्वास घेत नाही आणि एक कौल बदलायचे तर चार फुटतात.

वाफेवर उपाय तीन आहेत, आणि त्यांचा क्रमही हाच असावा. आधी वाफ जिथे तयार होते तिथूनच बाहेर काढावी: चुलीला छताबाहेर जाणारे धुराडे, न्हाणीला बाहेर उघडणारी झडप, पावसाळ्यात कपडे वाळवण्यासाठी माळ्याखालची नव्हे तर बाहेरची पडवी. मग माळ्याच्या दोन्ही त्रिकोणी भिंतींत समोरासमोर जाळीचे झरोके ठेवावेत, म्हणजे वारा आरपार जाईल. श्रावणात बाहेरची हवाही ओलीच असते, मग झरोक्यांचा काय उपयोग, असे कुणी विचारेल. स्वयंपाकाच्या वेळी घरातली हवा बाहेरच्यापेक्षाही ओली असते, म्हणून तेव्हा आणि उघडीप पडली की झरोके उघडावेत, झड येत असेल तेव्हा त्या बाजूचे झाकावेत. हे सगळे करूनही थेंब येत राहिले तरच पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावण्याचा खर्च करावा. आणि धान्य, भुईमूग, मिरची माळ्यावर नेण्याआधी अंगणात कडकडीत वाळवावीत, पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. ओलसर भुईमुगावर येणाऱ्या काही बुरशी विषारी असतात आणि त्या शेंगा धुऊन-वाळवून सुरक्षित होत नाहीत.

काम गवंड्याला देताना वहीतल्या नोंदी आणि खडूच्या खुणा दाखवूनच द्यावे, आणि दुरुस्तीनंतर त्याच्यासमोर पुन्हा पाइपने त्याच पद्धतीने पाणी ओतून पाहण्याचे आधीच ठरवावे. शेवटचा हप्ता पाण्याच्या परीक्षेनंतर, असे म्हटले की चांगला कारागीर कुरकुरत नाही. त्यानंतरही जुन्या डागांभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी, वर्तमानपत्रे पसरलेली ठेवावीत आणि पश्चिमेच्या पावसाबरोबर परतीचा पाऊसही होऊन जाईपर्यंत रंगकामाचा विषय काढू नये.